पायफळीवरचा दगड

सांगली,
२० नोव्हेंबर १९७५

ती. आप्पा यांना हौसाचा नमस्कार.

हे पत्र एका कामासाठी लिहीत आहे. येत्या आठवड्यात आमच्या कारखान्याकडून तुम्हाला आणि आपल्या शिवारातल्या सात गुऱ्हाळांच्या मालकांना रजिस्टर पत्र येईल. त्यातली मराठी प्रत मी तयार केली आहे. भाषा ओळखीची वाटली तर नवल वाटू देऊ नका.

विषय पायफळीचा आहे. जानेवारी १९७४ मध्ये मी रजेवर आले होते, तेव्हा चरकाला बसवलेली तुमची पायफळी तुम्ही मला दाखवली होती. चरकात ऊस लावणारीचे पाय फळीवर आहेत तोवर इंजिनाचा पट्टा चरकाच्या पुलीवर राहतो. हात लाटांमध्ये, म्हणजे चरकाच्या फिरत्या रुळांमध्ये, ओढला जाऊ लागला की माणूस पुढे उचललं जातं, पाय सुटतात, फळीला टांगलेलं वजन खाली येतं आणि पट्टा मोकळ्या पुलीवर सरकतो. चरक थांबतो. मी ती मोजून घेतली होती आणि इथे येऊन तिचं ड्रॉइंग केलं होतं. आमचे मालक नानासो यांना ते पसंत पडलं. त्यांनी लाकडाऐवजी ओतीव लोखंडाची फळी आणि वजनाऐवजी स्प्रिंग घालून एप्रिल १९७४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तो आता स्वीकारला गेला आहे. पंधरा तारखेच्या गॅझेटमध्ये तशी जाहिरात आली आहे.

नोटिशीत म्हटलं आहे की अशी योजना कारखान्याच्या परवानगीशिवाय कोणी बनवू वा वापरू नये. नोटीस नियमाप्रमाणे आहे. नाताळात आले की सविस्तर बोलू.

हौसा


कोरेगाव,
ता. २ डिसेंबर १९७५

चि. हौसास आप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आन् तिसऱ्या दिवशी रजिस्टर आलं. सही करून घेतलं. नोटीस नियमाप्रमाणं हाय असं तू लिवलंस, मग आमाला दुसरं काय बघायचं न्हवतं. बावीस वर्सं फौजेच्या वर्कशॉपात काढली. कागद आला की आधी अंमल, मागनं तक्रार. तर अंमल कसा केला त्याचा रिपोर्ट देतो.

रविवारी ३० तारखेला सायकल काढली. पाने, हातोडा आन् एक रिकामं पोतं घेतलं. सकाळी सातला पहिल्या गुऱ्हाळावर, आन् दिवस मावळायच्या आत सातच्या सात पायफळ्या सोडवल्या. पट्टे पुलीवर कायमचे बसवून दिले. दर मालकाची सही घेतली. पोतं माझ्या खाटेखाली हाय. एक बी नट हरवलेला न्हाई.

फक्त लालासाहेबाच्या गुऱ्हाळावर जरा बोलाचाली झाली. तिथं बयाबाई ऊस लावती. तू वळखतीस, वीस वर्सं तीच लावती. म्हणाली, "हवालदार, माजी फळी कुटं न्हेताय?"

म्हटलं, "सांगलीचा कागद आलाय. परवानगी न्हाई."

"कशाची? मी पाय टेकायची?"

समदी हसली. हरिबा गुळव्या काहिलीपास्नं वरडला, "बया, तुज्या पायांचं गॅझेट झालंय गं. आता जपून टाक."

ती म्हणाली, "त्या कागदाला म्हणावं हितं येऊन बस आन् लाव ऊस. मी जाती घरला."

मग म्हणाली, फळी न्या, मी माजी दोरी बांधती. मधी कवातरी ती कंबरंला दोरी बांधून बसायची. मी नोटीस काढून पुन्यांदा वाचली. तिच्यात असं हाय, 'चालवणाऱ्याचे शरीर जागेवरून हलताच पट्टा सरकवणारी कोणतीही योजना'. कोणतीही म्हंजे दोरी बी आली. म्हणून दोरी बी घेतली. तिनं ती माझ्या अंगावर टाकली आन् म्हणाली, "घ्या. लुगडं ऱ्हाऊ द्या, का त्ये बी कागदात हाय?"

ते वाक्य तूच लिवलं असशील. लय नेटकं हाय. कुठनं बी निसटायला जागा ठेवली न्हाईस.

तुझा
आप्पा


सांगली,
९ डिसेंबर १९७५

ती. आप्पा,

पत्र पोचलं. तुम्ही घाई केलीत. मी येईपर्यंत थांबला असता तर बरं झालं असतं.

हो, ते वाक्य माझं आहे. अर्जातल्या हक्काच्या पहिल्या कलमाचं ते भाषांतर आहे. कलम रुंद असावं लागतं. अरुंद असेल तर शेजारचा कारखाना फळीची दांडी करतो आणि सुटतो. नानासो म्हणतात, साचे करायला आठ महिने गेले आणि तीन ओतकामं फुकट गेली. ते सगळं करून झाल्यावर कोणीही उठून आठवड्यात नक्कल करणार असेल, तर पुढचं काही नवं करायला कोण धजेल? यात चुकीचं काही नाही. तुमच्या सात फळ्या सात गुऱ्हाळांना पुरल्या. कारखान्याच्या फळ्या फलटणपर्यंत आणि पलीकडे कर्नाटकात जातील.

मी त्यांच्याशी बोलले आहे. तुमच्या सात चरकांसाठी ते परवान्यासह सात लोखंडी फळ्या देणार आहेत. संक्रांतीपर्यंत पोचतील. तोवर ऊस लावणाऱ्यांना सावध राहायला सांगा.

नोटिशीच्या मसुद्यात एक वाक्य होतं, ते शेवटच्या प्रतीत नाही. त्याबद्दल भेटीत सांगेन. नाताळात मात्र येणं जमणार नाही.

आता मला काही गोष्टी नक्की कळवा. बयाबाई दोरी बांधत होत्या, ते कधीपासून? तुमच्या पायफळीच्या आधी की नंतर? दोरीचं दुसरं टोक कशाला होतं?

हौसा


कोरेगाव,
ता. २१ जानेवारी १९७६

चि. हौसास,

शनिवारी, १७ तारखेला, दुपारी सव्वातीन वाजता लालासाहेबाच्या गुऱ्हाळावर बयाबाईचा उजवा हात चरकात गेला. मनगटापर्यंत गेला तवा तिनं हाक मारली. इंजिन चौदा पावलांवर होतं. हरिबा धावला. तो पोचून पट्टा पाडेपर्यंत हात खांद्यापर्यंत गेला होता.

बैलगाडी, मग ट्रक. साताऱ्याच्या वाटेवरच जीव गेला.

तुझ्या लोखंडी फळ्या काल मंगळवारी एस.टी.नं आल्या. पेटी उघडलेली न्हाई.

तुझ्या दोरीच्या सवालाचं उत्तर मागनं देतो.

आप्पा


सांगली,
२ फेब्रुवारी १९७६

ती. आप्पा,

मी बारा दिवस पत्र लिहिलं नाही. काय लिहायचं ते माहीत होतं. आता क्रमानं लिहिते.

नोटीस हुकूम नव्हती. अर्ज स्वीकारला गेला म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. जाहिरातीपासून चार महिने हरकतीसाठी असतात. पेटंटवर शिक्का होईपर्यंत अर्जदाराला कोणावरही दावा लावता येत नाही. तुम्ही ती नोटीस चुलीत टाकली असतीत तरी कोणी काही करू शकलं नसतं. मसुद्यात मी हे एका वाक्यात लिहिलं होतं. नानासोंनी ते खोडलं. म्हणाले, आपल्या विरुद्धची गोष्ट आपणच कशाला छापायची? मी ते वाक्य सोडून बाकीचं टाइप केलं. मग तुम्हाला लिहिलं की नोटीस नियमाप्रमाणे आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तुम्ही कागद पाळणारे आहात हे मला लहानपणापासून माहीत आहे. वडील गेल्यावर माझ्या शाळेची फी तुम्ही फौजेतून दर महिन्याच्या एकाच तारखेला पाठवत होता.

दुसरी गोष्ट. अर्जदार कारखाना आहे, पण शोध कोणी लावला त्या जागी नाव माझं आहे. हौसाबाई शिवाजी फाळके, ड्राफ्ट्समन. नानासो म्हणाले, ड्रॉइंग तुमचं, तेव्हा नाव तुमचंच. मी म्हणाले, पायफळी माझ्या चुलत्यांची आहे. ते म्हणाले, चुलत्यांनी लाकूड ठोकलं, यंत्र तुम्ही केलंत. मला ते पटलं नाही. मी सही केली. ड्राफ्ट्समनच्या वर्गात साठ मुलांत मी एकटी होते. छापील कागदावर माझं नाव येणार होतं.

तिसरी गोष्ट मला अजून माहीत नाही, पण मला वाटतं मी ओळखली आहे. दोरी आधीची आहे ना?

हरकतीची मुदत १५ मार्चला संपते.

हौसा


कोरेगाव,
ता. १६ फेब्रुवारी १९७६

चि. हौसास,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्यावर राग हाय. पन तुझ्याकडं बोट केलं की बाकीची बोटं माझ्याकडं येत्यात, म्हणून आता खरं लिवतो.

दोरी आधीची. बहात्तर सालच्या दिवाळीनंतर तिनं बांधली. त्या साली पलीकडच्या गुऱ्हाळात एका बाईची बोटं गेली, ते बघून. दोरी कंबरंला, मागं बाभळीच्या मेढीला कडी, कडीतनं दोरी पट्टा धरणाऱ्या दांडक्याला. पुढं वढली गेली की दांडकं पडतं, पट्टा सरकतो. कुनी शिकवलं न्हाई तिला. मी बघाया गेलो तर म्हणाली, "म्हस वैरणीकडं वढ घेती तवा खुट्टा हलतो का न्हाई? तसं."

मी म्हटलं दोरी गुतती, फळी करू. माझी काय ती फळीच. पुढल्या साली तू आलीस तवा मी तुला सांगितलं, ही माझी करामत. ती तिथंच बसली व्हती. माझ्याकडं बघून हसली आन् ऊस लावाया लागली. तू मोजत व्हतीस. तवा मी बोललो असतो तर तू तिचं नाव लिवलं असतंस का, हा सवाल मी तुला इचारत न्हाई. मलाच इचारतो.

आता हितलं सांगतो. तेराव्यानंतर मी जुन्या लाकडी फळ्या पुन्यांदा बसवल्या. तुझी लोखंडी पेटी तशीच हाय. पन बाया फळीवर पाय ठेवत न्हाईत. म्हणत्यात, ती बयाची हाय, बयाला इचारल्याबिगर पाय कसा ठिवायचा. आन् पायाबिगर चरक फिरत न्हाई. मग त्यांनी काय केलं, फळीवर दगड ठेवला. पायाच्या वजनाचा धोंडा. दिसभर चरक फिरतो, फळी दबलेली, ऊस लावणारी आपली बाजूला मांडी घालून. साती ठिकाणी दगड. मी काढला की माझी पाठ फिरली का पुन्यांदा ठेवत्यात.

लालासाहेबाच्या चरकावर आता बयाची सून मनुबाई बसती. दुपारी जेवणाच्या टायमाला इंजिन बंद असतं. तवा फळी आपसूक टक वाजती म्हणं. हरिबानं ऐकलंय, मनुबाईच्या हाताशी ऊस देणाऱ्या रंगूबाईनं ऐकलंय. मी तिथं तीन दुपारी बसलो. दगड फळीवर, फळी गच्च, वाजायला जागा न्हाई.

तिसऱ्या दुपारी मी बी ऐकलं.

आप्पा


सांगली,
९ मार्च १९७६

ती. आप्पा,

शनिवारी मी पोचले तेव्हा बायकांनी तुम्हाला गुऱ्हाळाबाहेर बसायला सांगितलं होतं, म्हणून आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. परत निघताना तुम्ही विचारलंत आणि मी नंतर लिहीन म्हणाले.

हरकतीसाठी मला दोरीच्या योजनेचं ड्रॉइंग हवं होतं. दोरी तुमच्या पोत्यात होती. कंबरेचा फास तिनं बांधलेला तसाच होता. ती गाठ कोणी सोडली नव्हती. मेढीची कडी पण जागेवर होती. नव्हतं ते एकच माप: ती कडीपासून किती अंतरावर आणि कशी बसायची. मनुबाई आणि रंगूबाईंना विचारलं तर त्या हात पसरून दाखवायच्या आणि दोघींचे हात जुळायचे नाहीत. शेवटी रंगूबाई म्हणाल्या, "तूच बस की. आमी सांगतो."

इंजिन बंद होतं. मी बसले. फास माझ्या कंबरेत घातला. तो मला सैल होतो. रंगूबाई म्हणाल्या, "ताठ नगं. बया अशी साळंत बसल्यावानी बसत न्हवती." मनुबाईनं माझा डावा खांदा धरून खाली केला. "गुडघा जरा भाईर. आजून. फुडं सरक. लय झालं, एक वीत मागं." असं बराच वेळ चाललं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला दुरुस्त करत नव्हत्या. कशाशी तरी जुळवत होत्या. मग एकदम दोघींनी माझ्यावरचे हात काढले. मनुबाईनं पदर डोक्यावर घेतला. रंगूबाईंनी कनवटीची मिश्रीची डबी काढून माझ्या उजव्या हाताशी ठेवली आणि मागे सरल्या. मी मिश्री लावत नाही हे त्यांना माहीत आहे.

मी पट्टीवर आकडा वाचला. कडीपासून बहात्तर सेंटिमीटर. तो वहीत लिहिण्यापूर्वी मला तीनदा वाचावा लागला.

पुढे वाकून बघितलं. लाटांची फट छातीसमोर येते. दोरी चार बोटं ताणली की दांडकं पडतं. मनगट ओढलं जाण्याआधी चरक थांबतो. तिचा हिशोब बरोबर होता. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये पायाची उचल दहा सेंटिमीटर धरली आहे. ती दोरीहून उशिरा काम करते. हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी तपासलं नव्हतं.

हरकत तुमच्या नावानं केली आहे, कारण तुम्ही फळ्या बनवता म्हणून कायद्याच्या दृष्टीनं तुमचा संबंध आहे. सोबत माझं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे: हा शोध माझा नाही, आधीची सही चुकीची होती, दोरी ७२ पासून बयाबाईंची होती आणि कोणालाही दिसेल अशी उघड्यावर वापरात होती. मनुबाई, रंगूबाई आणि हरिबा यांचे अंगठे आहेत. तुमची सही फुलीच्या जागी करा आणि मुंबईच्या कचेरीला रजिस्टर करा. शनिवारच्या आत. या कागदाला मात्र हुकूम समजा.

नानासोंना मी आधी सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "हौसाबाई, दोरी खरी असेल. पण ती तीन वर्षं एका गुऱ्हाळात होती. मी ती चारशे गुऱ्हाळांत नेणार होतो. माझं पेटंट पाडा. उद्या शेजारच्या शेडमधनं तीच फळी हलक्या स्प्रिंगची निघेल, तिच्यावर कोणाचंच नाव नसेल. मग त्या वेळी गेलेला हात कोणाच्या दारात नेऊन ठेवाल?"

राजीनामा त्यांनी मागितला नाही. मी दिला.

हौसा


कोरेगाव,
ता. ६ जानेवारी १९७७

चि. हौसास आशीर्वाद.

तुझा कुंडलचा पत्ता मिळाला. पंपदुरुस्तीच्या दुकानात बाईमाणूस म्हणून गिऱ्हाईक बावचळत असंल. पाना हातात धरलास की गप बसतील.

हितं दुसरा हंगाम बी दगडावरच चाललाय. मागल्या पंधरवड्यात मनुबाईची कांकणं लाटंत गुतली. बांगड्या फुटल्या म्हणून हात निघाला. मनगट सोललं. मी वरडलो तिच्यावर, म्हटलं अगं पाय ठेव त्या फळीवर, सासू गेली तवा फळी न्हवती म्हणून गेली. तर ती म्हणाली, "हवालदार, फळी तुमी न्हेली, कागदानं न्हेली. आता मुंबईचा कागद काय म्हणतो त्ये येऊ द्या. आत्तीचं नाव त्यात येतंय का बगू. आलं, तर आत्तीची वस्तू आत्तीला मिळाली. मग मी तिची सून, मी ठिवती पाय."

समद्या बाया तेच धरून बसल्यात. तवा त्या कागदाचं लवकर बघ. दर सकाळी मी सात गुऱ्हाळं फिरतो. हात मोजतो आन् येतो. दुसरं काय करनार.

आप्पा


कुंडल,
२९ ऑगस्ट १९७७

ती. आप्पा,

निकाल लागला. हरकत मान्य झाली. पेटंट नामंजूर.

अकरा पानं आहेत. मी चार वेळा वाचली. कारण एका ओळीत असं: अर्जाच्या तारखेपूर्वी ही योजना लोकांत उघडपणे वापरात होती. गुऱ्हाळावर कोणीही येतो, रस पितो, उभं राहून बघतो, कोणाला मज्जाव नसतो, यावर पूर्ण दीड पान आहे. तेवढं पुरेसं ठरलं. योजना कोणाची, हा प्रश्न मग ठरवायची गरज राहिली नाही, असं नवव्या पानावर स्पष्ट म्हटलं आहे.

बयाबाईंचं नाव निकालात नाही. 'एक स्त्री मजूर' असा उल्लेख दोनदा आहे. दोरी 'वस्तू क्रमांक दोन' आहे. माझं नाव दोन ठिकाणी पूर्ण आहे. एकदा अर्जात शोध लावणारी म्हणून, एकदा तो नाकारणारी साक्षीदार म्हणून.

मग मी अर्जासोबतचं माझं जुनं ड्रॉइंग काढून बघितलं. आकृती दोनमध्ये चरकाशी बसलेली एक बाई आहे. यंत्राचे भाग सलग रेषेत काढतात. माणूस यंत्राचा भाग नसतो, फक्त जागा कळावी म्हणून तो तुटक रेषेत दाखवायचा असतो. ७४ च्या फेब्रुवारीत मी ती आकृती आठवणीनं काढली होती. आकृतीचा डावा खांदा खाली आहे. गुडघा बाहेर आहे. मी मापं घेतली नव्हती.

नानासोंचं म्हणणंही खरं ठरत आहे. त्यांनी पायफळी बनवणं थांबवलं. दोन लहान शेडनी सुरू केली. गेल्या आठवड्यात पंपाच्या कामाला फलटणला गेले होते, तिथे हंगामासाठी आणून ठेवलेली एक बघितली. स्प्रिंग हातानं दाबली तर परत येत नाही. मी ती वापरू नका म्हणून सांगितलं. मालक म्हणाला, बाई, तुम्ही सांगणाऱ्या कोण? मी नाव सांगितलं नाही. दुसरी स्प्रिंग आणून बसवून दिली.

मनुबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवू नका. जे आहे ते वाचून दाखवा. नाव नाही, हे सांगा. या खेपेला कोणतंही वाक्य गाळू नका.

सोबत दोरीचं ड्रॉइंग आहे, मोठ्या कागदावर. खालच्या चौकटीत 'योजना' या घरात बयाबाई असं लिहिलं आहे आणि 'रेखन' या घरात मी. हा कागद कोणत्याही कचेरीत चालणार नाही.

हौसा


कोरेगाव,
ता. १५ नोव्हेंबर १९७७

चि. हौसास आप्पाचा आशीर्वाद.

परवा रविवारी लालासाहेबाच्या गुऱ्हाळाची पूजा झाली, हंगाम सुरू झाला. तू आली न्हाईस, म्हणून समदं लिवतो.

पूजेच्या आधी मी निकाल वाचला. अकरा पानं. समजलं कुनाला न्हाई, पन समदी उभी व्हती. शेवटी सांगितलं की बयाचं नाव न्हाई. 'एक स्त्री मजूर' हाय. मग तुझा मोठा कागद दाखवला. मनुबाईला वाचता येत न्हाई. तिनं चौकटीत बोट ठेवून इचारलं, "ह्ये आत्ती का?" म्हटलं व्हय. "आन् ह्ये?" म्हटलं हौसा. ती म्हणाली, "मंजी चोरली तिनंच आन् परत आनून बी तिनंच दिली." रंगूबाई म्हणाली, "हाताला धरून बसवली न्हवती का तिला आपून? बया बसली व्हती त्या दिशी तिच्यात. तवा तिला काय बोलू नगस."

मग ठरलं की कागदाचं झालं, आता बयालाच इचारायचं. तात्याबा गुरवाला बोलावलं. देवाला लावतो तसा चरकालाच कौल लावला. लोखंडाला दोन ओली फुलं चिकटवली, उजवं पडलं तर पाय ठेवायचा, डावं पडलं तर फळीच काढून टाकायची. म्हंजे साती चरकांवरनं. मी नगं म्हणनार व्हतो. पन मी कोन सांगनार.

बसलो. तास झाला. दीड झाला. एक बी फूल हालंना. रस न्यायला आलेली माणसं ताटकळली. हरिबा म्हणाला, "गुरवा, पानी जास्त लावलंस का चिक्की लावलीस रं?" तात्याबा म्हणाला, "ती इच्यार करती." हरिबा म्हणाला, "जित्तेपनी कवा केला न्हाई."

तवा मनुबाई उठली. म्हणाली, "आत्तीनं कवा कुनाला पयल्या हाकंला ओ दिली न्हाई. आता काय देती." दोन्ही हातांनी फळीवरला दगड उचलला, भाईर नेऊन टाकला. जागेवर बसली. डावा खांदा पाडून, गुडघा भाईर. सासूवानीच बसली. मग पाय ठेवला.

लालासाहेबानं इंजिनाला हँडल मारलं. चरक हादरला आन् फिराया लागला. त्या हादऱ्यानं फुलं पडली. दोन्ही पडली, एवढं नक्की. कंचं आधी पडलं ते कुनी सांगू शकंना. समदी तिच्या पायाकडं बघत व्हती.

तुझा
आप्पा